मदत हवी आहे: प्रेडिक्टिव्ह कंट्रोलचा सोलर इन्व्हर्टर शेतातल्या लाइनवर बिघडतो

नमस्कार मंडळी,

मी जळगावचा, एम.टेक.चा प्रोजेक्ट करतोय: ग्रिडला जोडलेल्या थ्री फेज सोलर इन्व्हर्टरचं प्रेडिक्टिव्ह करंट कंट्रोल. नेहमीचा पीआय कंट्रोलर आणि पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून स्विचिंग) नाही. टू-लेव्हल इन्व्हर्टरच्या आठ स्विचिंग स्थितींपैकी प्रत्येकीने पुढच्या सॅम्पलला करंट कुठे जाईल ते काढायचं आणि रेफरन्सच्या सर्वांत जवळ नेणारी लावायची. सॅम्पलिंग 25 मायक्रोसेकंद, फिल्टर म्हणजे 5 मिलीहेन्रीचे चोक (कॉइल). गणिताला लागणारा एका सॅम्पलचा उशीर अंदाजात धरलेला आहे.

लॅबमध्ये करंट स्वच्छ येतो. रावेरकडे मामांच्या केळीच्या मळ्यात, रीतसर परवानगी घेऊन जोडला, तर डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) बरा चालतो आणि विहिरीजवळच्या शेवटच्या खांबावर रिपल (करंटमधली थरथर) खूप वाढतो. थ्री फेज आली की सगळ्यांचे ऑटो स्टार्टर एकदम पंप उचलतात, तेव्हा तर ट्रिपच होतो.

उन्हाचा संशय मी सोडलाय. मे महिन्यात सेल 70 अंशांपर्यंत तापतात, अंशामागे साधारण 0.3 टक्के व्होल्टेज पडतं, म्हणजे 25 अंशांच्या मानाने 13 टक्क्यांवर घट. पण मध्ये बूस्ट कन्व्हर्टर आहे, डीसी बस 700 व्होल्टवरून हलत नाही.

राहिला लाइनचा इंडक्टन्स. पण व्होल्टेज मी इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर, चोकच्या पलीकडे, ग्रिडच्या बाजूला मोजतो. मग लाइन माझ्या समीकरणात यायलाच नको ना? इथेच अडलोय. साक्रीच्या (धुळे जिल्हा) 125 मेगावॉटच्या सोलर प्रकल्पासारख्या मोठ्या प्रकल्पांमागे भक्कम ग्रिड असतो. मला शेवटच्या खांबावर टिकणारा इन्व्हर्टर करायचाय. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

भाऊ, संशय बरोबर जागी आहे. लाइन लांब असली की टर्मिनलचं व्होल्टेज म्हणजे तुमचे चोक आणि लाइन यांच्यातला डिव्हायडर (दोघांत वाटलं जाणारं व्होल्टेज) होतो. स्विचिंग बदललं की तेही उडी मारतं. तुम्ही मात्र आत्ता मोजलेलं व्होल्टेज आठही स्थितींना तसंच लावता, म्हणून अंदाज चुकतो.

आधी एकूण इंडक्टन्स काढा. एका सॅम्पलला झीरो (इन्व्हर्टरचं व्होल्टेज शून्य देणारी स्थिती) आणि लगेच पुढच्याला अ‍ॅक्टिव्ह (व्होल्टेज देणारी) व्हेक्टर लागलाय अशी जोडी पकडून दोन्ही वेळच्या करंट-बदलांची वजाबाकी करा. तेवढ्यात ग्रिडचं व्होल्टेज जवळपास हलत नाही, ते कटून जातं. उरतं: दोन व्हेक्टरमधलं व्होल्टेजचं अंतर गुणिले सॅम्पल टाइम, भागिले एकूण इंडक्टन्स. नॉइज असतो, त्यामुळे बऱ्याच जोड्यांची सरासरी घ्या. मग मॉडेलमध्ये हाच आकडा घाला आणि मोजलेल्याऐवजी लाइनच्या पलीकडचं व्होल्टेज त्याच समीकरणातून काढून, फक्त 50 हर्ट्झचा भाग गाळून वापरा.

टर्मिनलवर कपॅसिटर लावूनही उड्या थांबतात, पण तो लाइनशी रेझोनन्स करतो आणि खांबागणिक फ्रिक्वेन्सी सरकते. कॉस्ट फंक्शनमध्ये (स्थिती निवडायच्या सूत्रात) डॅम्पिंगची, म्हणजे हेलकावे दाबायची सोय असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पंपांच्या वेळचा ट्रिप वेगळा असू शकतो. व्होल्टेज खचल्यावर पीएलएलचा (ग्रिडच्या व्होल्टेजशी ताल धरणारा भाग) कोन सरकतो का ते बघा आणि त्या क्षणाचा वेव्हफॉर्म इथे टाका.