सिगारेट सुटली, पण वेप सुटत नाही : निकोटिन टप्प्याटप्प्याने कसे कमी करावे?

पऱ्हाटी (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो आणि हंगामात कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. महाविद्यालयात लागलेली सिगारेट मागील वर्षी वेपच्या (ई-सिगारेटच्या) आधाराने सुटली आणि आता तिचा वासही नकोसा वाटतो. मात्र वेप हातातून सुटत नाही. सिगारेट निदान संपत तरी होती. इथे पहाटे ओलिताला जाताना, काट्यावर, रात्री अंथरुणात, झुरका कुठे थांबवावा हेच कळत नाही. वेपमध्ये भरायच्या द्रवाच्या बाटलीवर प्रति मिलिलिटर 50 मिलीग्रॅम निकोटिन असे छापले आहे. परदेशातील लोक 50 वरून 20, मग 12, 6, 3 आणि शेवटी शून्य अशा पायऱ्यांनी उतरतात असे वाचले, परंतु मला बाटली कुणाच्या तरी हाती नागपूरहून येते आणि जी येईल ती घ्यावी लागते. ग्लिसरीन आणून तेच द्रव घरी पातळ करावे काय? एकदम बंद केले होते तेव्हा मजुरांवर विनाकारण ओरडलो आणि पानठेल्यासमोर पाय थबकू लागले. घरी लहान मुलगी आहे, म्हणून हा विषय आता निकाली काढायचा आहे.

उपकेंद्रातून

भाऊ, मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. सिगारेट सुटली आहे ती सुटलेलीच राहणे, ही पहिली अट समजा. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या धुरातून तुम्ही बाहेर पडला आहात. तेव्हा वेप सोडण्याच्या घाईत पुन्हा विडी-सिगारेटकडे वळण्यापेक्षा दोन महिने जास्त लागलेले परवडतील.

घरी पातळ करण्याचा विचार मात्र सोडून द्या. निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरते, आणि निकोटिन सल्फेट हे एके काळी पिकांवर फवारले जाणारे कीटकनाशक होते, हे शेतकऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीव्र द्रवाचा थोडासा घोटसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून ती बाटली आजच कुलपात ठेवा.

दुसरी अडचण अशी की, 50 हा आकडा खरा आहे की नाही हे सांगणारे येथे कोणीच नाही. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर देशभर बंदी आली, आणि त्या व्याख्येत निकोटिन नसलेली उपकरणेही येतात. त्यामुळे तुमच्यापर्यंत येणारी बाटली कोणत्याही तपासणीतून आलेली नसते. युरोपीय संघात 20 मिलीग्रॅमची कमाल मर्यादा आहे आणि लेबलावर विश्वास ठेवता येतो, म्हणून तिकडे पायऱ्यांनी उतरणे शक्य होते. आपल्याकडे ती पायरी पायाखाली आहे की नाही हेच माहीत नसते. शिवाय तीव्रता कमी झाली की माणूस नकळत लांब आणि जास्त झुरके घेऊन रक्तातील निकोटिन पूर्वीच्याच पातळीवर आणतो. आकडा उतरतो, सवय उतरत नाही, आणि फुप्फुसात जाणारी वाफ उलट वाढते.

म्हणून माझे मत असे आहे की, ज्याची मात्रा निश्चित आहे अशा साधनावर निकोटिन हलवावे आणि मग तेथून उतरावे. 2 मिलीग्रॅमचे निकोटिन च्युइंगम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर साधारणपणे 4 मिलीग्रॅमचे लागते, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जा. रूढ पद्धत बारा आठवड्यांची आहे : पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, आणि शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. चरचरू लागेपर्यंत हळूहळू चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चरचर थांबली की पुन्हा चावावे. असे सुमारे अर्धा तास चालते. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी आणि मळमळ होते, आणि लोक म्हणतात की औषध मानवले नाही.

वैनगंगाकाठ

ताईंचे म्हणणे पटते, फक्त एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी ते च्युइंगम मागवल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे मी तीव्रतेला हात न लावता अंतर वाढवत गेलो. आधी अंथरुणातील आणि घरातील झुरके बंद केले, नंतर मोटारसायकलवरचे, आणि पहाटेचा सर्वांत कठीण झुरका शेवटी ठेवला. एका अंतराची सवय होऊन चिडचिड शमल्याशिवाय पुढचे अंतर वाढवले नाही. उपकरण खिशात न ठेवता घरी कपाटात ठेवू लागलो, यानेच निम्मे काम झाले. हे सर्वांना जमेल असा दावा नाही.

परंतु तुम्ही लिहिलेले पानठेल्याचे वाक्य मला अधिक गंभीर वाटते. आपल्या भागात वेप सोडणारा माणूस सिगारेटकडे नव्हे, तर खर्ऱ्याकडे जातो. पन्नीवर घोटलेली ती सुपारी, तंबाखू आणि चुना निकोटिनची तलफ लगेच भागवतात, मित्रही आग्रहाने पुडी पुढे करतात, आणि कोणालाही वाटत नाही की आपण व्यसन बदलले. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. आमच्याकडे तिशीतल्या मुलांची तोंडे पूर्ण उघडत नाहीत. काट्यावरील सोबत्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की पुडी पुढे करू नका.

पऱ्हाटी

दोघांचेही आभार. काट्यावर दिवसभर चहा चालतो. च्युइंगम आणि चहा यांचे जमते काय? आणि दंडावर लावायची निकोटिनची पट्टी उन्हाळ्यात टिकेल काय?

उपकेंद्रातून

चहा, कॉफी, लिंबू सरबत यांनी तोंडातील आम्लता वाढते आणि निकोटिन गालातून शोषले जात नाही. म्हणून च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना पाण्याशिवाय काही घेऊ नका. पट्टीचे 21, 14 आणि 7 मिलीग्रॅम असे टप्पे असतात आणि ती रोज जागा बदलून कोरड्या, केस नसलेल्या कातडीवर लावतात. आपल्या मे महिन्याच्या घामात ती सुटण्याची तक्रार येतेच, म्हणून सकाळी आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून लावा. हृदयविकार असेल तर दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. च्युइंगम सुरू असताना वेपही चालू राहिले आणि छातीत धडधड, मळमळ किंवा चक्कर आली, तर निकोटिन जास्त होत आहे असे समजून वेप कमी करा.

एवढे करूनही जमले नाही तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. वेप सोडणाऱ्यांवरही तिचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे, मात्र ती चिठ्ठीवरच मिळते. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचा सल्ला विनामूल्य मिळतो, आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही बोलता येते. जाण्यापूर्वी उठल्यानंतर किती वेळाने पहिला झुरका घेता आणि रात्री जाग येऊन वेप ओढता काय, हे लिहून न्या. मात्रा ठरवताना पहिला प्रश्न तोच विचारतात.

पूर्ण बंद करण्याची तारीख वेचणीच्या गर्दीत ठेवू नका. त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, तेव्हा ते आठवडे जिनिंग सुरू होण्यापूर्वी निघून जातील अशी तारीख धरा आणि तिथून मागे मोजून च्युइंगम सुरू करा.