मदत हवी आहे: सोटालॉल चालू आहे आणि पोटॅशियम ३.४ आलंय

केतकी_व: आईला एएफसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून, सोटालॉल सुरू आहे. आज पोटॅशियम ३.४ आलं. लॅबवाला म्हणतो किंचितच कमी आहे. डॉक्टरांचा फोन लागत नाही. रात्रीची गोळी द्यायची का? प्लीज लवकर सांगा.

अरुण७१: वय? डोस? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)? सोटालॉल किडनीवाटेच बाहेर पडतं. मॅग्नेशियम केलंय का?

सह्यकडा: रोज दोन शहाळी द्या. वडिलांचं पोटॅशियम त्यानेच वर आलं.

अरुण७१: सह्यकडा, किडनीचा पत्ता नसताना शहाळी सांगू नका. पोटॅशियम भलतंच चढलं तर तेही जिवावर बेततं.

केतकी_व: ७२ वर्षं, ८० एमजी दोनदा, क्रिएटिनिन १.३. मॅग्नेशियम लिहूनच दिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात जुलाब होते. गोळीचं सांगा ना कुणीतरी!

रेवा: बीपीची गोळी कोणती?

केतकी_व: टेल्मिसार्टन-एच. त्याचा काय संबंध?

रेवा: खूप आहे. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जातात. त्यात जुलाब. सोटालॉल मुळातच क्यूटी (ईसीजीत दिसणारा, ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबवतं. पोटॅशियम कमी असलं की तो आणखी लांबतो आणि टोर्साद नावाची घातक लय सुरू होऊ शकते. मॅग्नेशियम भरलं नाही तर पोटॅशियमही टिकत नाही.

निळाई: पोटॅशियम ४.५ च्या वरच हवं. डेन्मार्कचा पॉटकास्ट अभ्यास वाचा, २०२५ चा. १२०० रुग्ण होते, ४.५ ते ५ ठेवल्यावर त्रास कमी झाला.

अरुण७१: ते सगळे आयसीडी (घातक लय आली की शॉक देणारं यंत्र) बसवलेले रुग्ण होते. २०२४ च्या टाइट-के अभ्यासात बायपासनंतर पोटॅशियम ३.६ च्या खाली जाईपर्यंत ते द्यायचं थांबूनही एएफ वाढलं नाही.

निळाई: बायपास आणि सोटालॉल यांची तुलनाच चुकीची आहे.

रेवा: दोन्ही अभ्यास इथे लागू नाहीत. केतकी, गोळीचा निर्णय इथे कुणीही देऊ नये. आजच जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढून क्यूटी बघून घ्या, मॅग्नेशियम करा, दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ड्यूटीवरचे डॉक्टर रात्रीच्या डोसचं सांगतील. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही?

केतकी_व: सकाळी उठताना अंधारी आली होती. वयामुळे असेल असं वाटलं.

रेवा: मग आत्ता निघा. उत्तराची वाट बघू नका.