स्पेशल एडिशनच्या बोनससाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

मांजराकाठ (लातूर)
हाणामारीच्या पिक्चरची साधी ब्ल्यू-रे (डीव्हीडीनंतरची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) एका किमतीला आणि तीच 'स्पेशल एडिशन' म्हणून कितीतरी महाग. वरचे पैसे कशाचे? पत्र्याची डबी, चार पोस्टकार्डं आणि बोनस, म्हणजे मेकिंग, कॉमेंट्री, हटवलेले प्रसंग असलं जोडसामान. माझं मत सरळ आहे: बोनससाठी घेऊ नका.

डबीच्या पाठीमागचा मजकूर नीट वाचा. पाच-सहा मिनिटांचे आठ-दहा तुकडे दिसले, की समजायचं हे सिनेमा लागायच्या आधी वाहिन्यांना वाटलेलं प्रसिद्धीचं सामान आहे. हिरो म्हणणार दिग्दर्शक देवमाणूस, दिग्दर्शक म्हणणार हिरोनं जीव ओतला, मधेमधे ट्रेलरचेच शॉट. हे यूट्यूबवर फुकट पडलेलं असतं.

शिवाय जागेचा हिशेब बघा. ब्ल्यू-रेचा एक थर २५ जीबीचा. दोन तासांचा सिनेमा २० एमबीपीएस बिटरेटनं (सेकंदाला २० मेगाबिट) टाकला तर १८ जीबी चित्रातच गेले, लॉसलेस (काही न गाळलेल्या) आवाजाला आणखी तीन-चार. उरले तीन-चार. एक तासाचं मेकिंग १५ एमबीपीएसनं घातलं तर त्याला पावणेसात जीबी लागतात. मग कात्री कुणाला? सिनेमाच्याच बिटरेटला. दिवाणखान्यातल्या संवादांत ते कळायचं नाही. पण धूळ, धूर, पाऊस, आग आणि क्षणाक्षणाला कट असला, की कॉम्प्रेशनला मागच्या फ्रेममधला न बदललेला भाग उचलून जागा वाचवायला काही उरत नाही. धुरात चौकोन दिसायला लागतात. ज्या मारामारीसाठी डिस्क घेतली तीच बिघडली.

गोदाकाठ (नांदेड)
गणित बरोबर आहे भाऊ, पण ते एका थराच्या डिस्कचं. दोन थरांची ५० जीबीची घ्या. सिनेमा ३० एमबीपीएसनं टाकला तरी २७ जीबी, आवाज ४, उरले १९. तुमच्याच १५ एमबीपीएसनं पावणेतीन तासांचं मेकिंग त्यात बसतं, सिनेमाला धक्का न लावता. आणि नीट काढलेल्या आवृत्तीत बोनस वेगळ्या डिस्कवरच असतो. डबीवर '२ डिस्क' लिहिलंय का ते बघायला पैसे पडत नाहीत.

कॉमेंट्रीला (सिनेमा चालू असताना वरून बोलणाऱ्या कलाकार-तंत्रज्ञांच्या आवाजाला) तर जागा लागतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन चॅनेलचा १९२ केबीपीएसचा ट्रॅक दोन तासांना १७३ एमबीत बसतो.

आता मुद्द्याचं. अ‍ॅक्शनपटात बोनसला जी किंमत आहे ती दुसऱ्या कुठल्या प्रकारात नाही, कारण इथं पडद्यावर दिसतं त्यामागं यंत्र असतं. 'कसिनो रोयाल' (२००६) मधली गाडी उलटते तो शॉट घ्या. आधी रॅम्पवरून उलटवायचा प्रयत्न झाला. अ‍ॅस्टन मार्टिनचा गुरुत्वमध्य इतका खाली, की गाडी उलटेना. मग आत नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. तिचा दांडा खाली जमिनीवर आदळतो आणि गाडी उचलून फेकतो. सात कोलांट्या झाल्या, गिनीजमध्ये नोंद झाली. हे कळल्यावर तो शॉट वेगळाच दिसतो. स्टंटमनची तालीम असेल तर आणखी चांगलं: पुठ्ठ्याची खोकी, गाद्या, साध्या कॅमेऱ्यावर काढलेली आख्खी मारामारी. ती एकीकडं आणि सिनेमातला प्रसंग दुसरीकडं ठेवला, की कॅमेरा कुठं सरकवला, कुठला ठोसा कटनं झाकला, सगळं उघडं पडतं. शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना याहून स्वस्त शाळा नाही.

मांजराकाठ (लातूर)
तालीम असेल तर. शंभर डब्यांत कितीत असते?

खामकाठ (छ. संभाजीनगर)
तुम्ही दोघंही मेकिंगवरच अडकलात. हटवलेले प्रसंग आणि वेगळा कट यांत फरक करा आधी. हटवलेले प्रसंग बहुतेक वेळा अर्धेकच्चे: पार्श्वसंगीत नाही, रंग बसवलेले नाहीत, वायर दिसतेय. ते एकदा बघून संपतात. वेगळा कट म्हणजे दुसरा सिनेमा. रिडली स्कॉटचा 'किंगडम ऑफ हेवन' (२००५) थेटरात १४४ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाचा कट १९४ मिनिटांचा. राणीचा मुलगा हे पात्रच थेटरातल्या आवृत्तीत नव्हतं. ते आल्यावर ती अशी का वागते ते समजतं. आपल्याकडं 'शोले'चं घ्या: ठाकूर गब्बरला मारतो हा मूळ शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरनं बदलायला लावला. तो शेवट बघायला मिळत असेल तर त्याला कोण नुसता 'बोनस' म्हणेल?

एक खोच मात्र आहे. दोन्ही कट एकाच डिस्कवर असतील तर बहुधा सामायिक भाग एकदाच साठवतात आणि जास्तीचे प्रसंग मधे जोडत जातात. जागा वाचते, पण जुना प्लेअर जोडावर क्षणभर अडखळतो. मारामारीच्या मधोमध अडखळला की रसभंग. असे प्लेअर फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर कधीकधी सुधारतात, नेहमी नाही.

मांजराकाठ (लातूर)
बघा, वेगळा कट म्हणजे सिनेमाच. त्याला मी पैसे देईन. तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

दुधनाकाठ (परभणी)
उगं तत्त्वावर भांडायलेत. लोकांचे पैसे बुडतात ते दुसरीकडं.

परदेशातून मागवलेला ४के (ब्ल्यू-रेहून बारीक चित्राचा) सेट. ४के डिस्कला रीजनचं कुलूप (ठराविक भागातल्याच प्लेअरवर चालायची अट) नसतं, म्हणून लोक बिनधास्त घेतात. पण बोनस बऱ्याचदा सोबतच्या साध्या ब्ल्यू-रेवर असतो आणि तिला कुलूप असू शकतं. भारत रीजन सी, अमेरिका ए, युरोप बी. म्हणजे सिनेमा चालतो आणि ज्याच्यासाठी जास्तीचे मोजले तेच चालत नाही! अमेरिकी सेटमधला डिजिटल कोडही (तोच सिनेमा ऑनलाइन बघायचा) इथं वापरता येत नाही. दोन्ही वजा करून किंमत धरा, वर कस्टमचा कर मिळवा.

दुसरं, सिनेमा चालू असताना कोपऱ्यात छोट्या चौकटीत मेकिंग दाखवणारी सोय. तिचा आवाज ऐकायचा तर प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'ऑडिओ मिक्स' चालू करावं लागतं. ते चालू राहिलं की रिसीव्हरवर (स्पीकर चालवणाऱ्या डब्यावर) अ‍ॅटमॉस (वरूनही येणारा भोवतालचा आवाज) उमटतच नाही, कारण प्लेअर दोन्ही आवाज स्वतः मिसळून पुढं पाठवतो. मग लोक डिस्कला शिव्या घालतात. बोनस बघून झाला की सेटिंग बंद करा.

तिसरं आपल्या भागाचं: लोडशेडिंग. जावा मेनू (प्रोग्रॅमवर चालणारा मेनू) असलेल्या पुष्कळ डिस्क लाईट गेल्यावर थांबल्या जागेवरून सुरू होत नाहीत. लोगो, इशारे, मेनू, सगळं पहिल्यापासून. तीन तासांची डॉक्युमेंटरी अशी बघवत नाही. प्लेअर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर चॅप्टर नंबर लिहून ठेवा.

आणि जुनी डिस्क घेणार असाल तर उजेडात तिरपी धरून बघा. डीव्हीडीचा डेटा ०.६ मिमी आत असतो, वरचा चरा घासून काढता येतो. ब्ल्यू-रेचा ०.१ मिमीवर. तिचं कोटिंग कडक असतं खरं, पण खोल चरा गेला तर पॉलिश करून उपयोग नाही.

गोदाकाठ (नांदेड)
हाव, रीजनचं मान्य. आमच्या बाजूला तेच सगळ्यात जास्त फसवतं.

सिंदफणा (बीड)
कॉमेंट्रीचं कौतुक करणाऱ्यांनी एक सांगा: कॉमेंट्रीला सबटायटल किती डिस्कवर असतात? सिनेमाला असतात, मेकिंगला कधीमधी. खाली स्फोट चालू, वर तीन माणसं अमेरिकी उच्चारात एकमेकांचं वाक्य तोडत बोलतायत. गावाकडच्या पोराला त्यातलं काय कळणार? शाळा म्हणता, पण शिकवायच्या भाषेचं काय?

गोदाकाठ (नांदेड)
रास्त आहे. म्हणूनच मी तालमीच्या चित्रफिती वर धरतो, त्यात भाषा लागत नाही. कॉमेंट्री घ्यायचीच तर स्टंट दिग्दर्शकाची किंवा संकलकाची बघा, नटांची नको. आणि पाठीमागं 'इंग्लिश एसडीएच' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचे सबटायटल) लिहिलेलं असलं तरी ते सिनेमापुरतं असू शकतं. कॉमेंट्रीचं वेगळं लिहिलेलं असेल तरच धरायचं.

मांजराकाठ (लातूर)
म्हणजे दोन डिस्क, रीजन सी किंवा बिनकुलूप, स्टंटची तालीम, कॉमेंट्रीला सबटायटल. एवढं सगळं असलेली डबी कुणाला दिसली तर इथं नाव टाका, मी घेतो.