जलदानाचं पाणी पोचतं कुणाला?

वैशाखी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात बाबा गेले. सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन (गेलेल्याच्या नावे केलेलं पुण्य वाटून घेणं) आणि जलदान विधी झाला. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बाबांचा फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, परातीत वाटी ठेवली आणि भावाच्या हातात तांब्या दिला. आम्ही सगळ्यांनी त्याच्या हाताला हात लावला. धार बारीक ठेवायची, तुटू द्यायची नाही. वाटी भरून पाणी परातीत सांडू लागलं, "इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो" (हे माझ्या नातलगांना लाभो, नातलग सुखी होवोत) म्हणून झालं. ते पाणी आईने अंगणातल्या पेरूच्या बुडाशी ओतलं आणि मला हळूच विचारलं, "तुझ्या बाबांना पोचलं का गं?"

मी नाही म्हटलं. अजूनही माझं मत तेच आहे. तिरोकुड्ड सुत्तातल्या या गाथेत पुढे येतं, "यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं, एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति." भरून वाहणाऱ्या नद्या जसा सागर भरतात, तसं इथून दिलेलं पेतांच्या, म्हणजे मेलेल्यांच्या, उपयोगी पडतं. इकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध, पिंडदान करणार नाही असं स्वच्छ आहे. पिंडाच्या जागी पाणी आलं, तर बदललं काय? आत्माच मानत नाही, तर पलीकडे तहानलेलं कुणी वाट बघत बसलेलं नाही. विधीला माणसं जमतात, रडतात, गेलेल्याबद्दल बोलतात, ते राहू द्या. पण गाथेचा अर्थ मराठीत सांगा, आणि घरच्यांना "पोचलं" म्हणून सांगू नका.

निळी_पहाट

ताई, मी तर म्हणतो ती गाथाच वगळा. बाबासाहेबांनी पुनर्जन्म साफ नाकारलाय, विषय संपला. माझे आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. "मागच्या जन्मीचं पाप फेडतोयस" हे त्यांनी पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून ऐकलंय, एकदा नाही, जन्मभर. ज्या कल्पनेने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं ती पाली भाषेत म्हटली म्हणून पवित्र होत नाही.

पाली_वाचक

तुमच्या आजोबांबद्दल लिहिलंत त्यापुढे मी काय बोलणार. पण "साफ नाकारलाय" हे बरोबर नाही. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्यात बुद्ध पुनर्जन्म मानत होते का, या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेब होकारार्थी देतात. मात्र लगेच प्रश्नाचे दोन तुकडे करतात: पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कुणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली भूतं मरणानंतर बाहेरच्या त्यांच्यासारख्याच भूतांच्या साठ्यात मिसळतात आणि त्यातून नवं घडतं, हा त्यांचा अर्थ. तोच माणूस परत येतो, हे मात्र ते अगदी असंभवनीय मानतात. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचं दारिद्र्य ठरतं, या शिकवणीवर त्यांचा घाव फार खोल आहे. समाजाला आणि राज्याला गरिबांच्या जबाबदारीतून सोडवण्यापलीकडे तिचा उपयोग काय, असं ते विचारतात.

आता सुत्तांकडे, म्हणजे बुद्धांच्या पाली उपदेशांकडे. तिथे पुनर्जन्म आहे आणि जागोजागी आहे. तो नंतर कुणीतरी घुसडला असं म्हणून सगळा काढायला गेलो तर हातात फार थोडं उरेल. पण आत्मा नाही. साती नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, म्हणत होता की हेच विज्ञान (म्हणजे जाणीव) एका जन्मातून दुसऱ्यात भटकतं. बुद्धांनी त्याला सगळ्यांसमोर खडसावलं: प्रत्ययावाचून, म्हणजे कारणावाचून, विज्ञान उपजतच नाही. लाकडाने पेटला तर लाकडाचा अग्नी, शेणाने पेटला तर शेणाचा अग्नी. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना नेमकं हेच विचारलं होतं: जन्मतो तो तोच असतो की दुसरा? उत्तर मिळालं, "न च सो, न च अञ्ञो." तोही नाही, दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच आहे का? वेगळी म्हणावी, तर दिवा रात्रभर एकच जळला.

पाण्याचं उत्तरही सुत्तातच आहे. जाणुस्सोणि ब्राह्मणाने बुद्धांना विचारलं, आम्ही श्राद्ध घालतो ते मेलेल्यांना पोचतं का? त्यांनी सांगितलं की माणसात, पशूंत, देवांत किंवा नरकात जन्मलेला तिथल्याच आहारावर जगतो, त्याला हे पोचत नाही. फक्त पेतयोनीत, म्हणजे पेत होऊन जन्मलेल्याला पोचतं. तिथे तो नसला तर? तर तिथल्या दुसऱ्या नातलगांना. आणि काही झालं तरी देणारा कोरा राहत नाही. म्हणजे वैशाखीताई, परंपरेप्रमाणे तुमचं "नाही" पूर्ण बरोबर नव्हतं आणि "हो" म्हणाला असतात तर तेही बरोबर ठरलं नसतं.

निळी_पहाट

दादा, "साफ नाकारलाय" ही माझी चूक, मान्य. पण मग सुभ नावाच्या ब्राह्मण तरुणाचं सुत्तही सांगा ना! माणूस अल्पायुषी का, कुरूप का, गरीब का, हलक्या कुळात का, तर पूर्वीच्या कर्मामुळे. हे आमच्या पोरांनी विहारात ऐकायचं? यात आणि पाटलाच्या बोलण्यात फरक दाखवा.

पाली_वाचक

सुभाचं सुत्त आहे, ते मी लपवणार नाही. पण सीवक नावाच्या परिव्राजकाचंही आहे. माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणारे चुकतात, असं बुद्ध तिथे सांगतात. पित्त, कफ, वात, ऋतूचा बदल, बाहेरून झालेला आघात अशी आठ कारणं देतात, त्यात कर्म हे एक. शिवाय पाटलाचं "पाप फेड" हे माणसाला जागेवर खिळवण्यासाठी होतं. सुभाला मिळालेलं उत्तर "आजपासून असं वाग" इथे येऊन थांबतं.

निळी_पहाट

एक कारण म्हणून का होईना, गरिबीला पूर्वकर्म लावलं की दार उघडं राहिलंच. मला नाही पटत, आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही.

उत्तरा_म.

बौद्ध जगातही यावर एकमत नाही. थेरवादी म्हणतात शेवटच्या चित्तानंतर लगेच पुढची प्रतिसंधी, म्हणजे पुढचा जन्म, मध्ये क्षणाचीही फट नाही. सर्वास्तिवादी हा जुना बौद्ध पंथ दोन जन्मांमधला 'अंतराभव' मानत होता. तिबेटात त्या मधल्या अवस्थेचे ४९ दिवस धरतात. तेव्हा सातव्या दिवशीचं पाणी कुठे पोचेल हे कुणाचं ऐकता त्यावर अवलंबून.

माझा आक्षेप वेगळा आहे. वैशाखी, आईने तुला पुनर्जन्मावर मत विचारलं नव्हतं. कालाम लोकांना बुद्धांनी दिलेलं आश्वासन बघ: परलोक असेल तर निर्वैर मनाच्या माणसाची पुढे सोय आहे, नसेल तर तो इथे, याच जन्मात सुखात आहे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून त्यांनी धीर दिला. तुझ्या "नाही"ने दार लावून घेतलं. सात दिवसांच्या विधवेशी असं बोलू नये, एवढंच मला म्हणायचंय.

वैशाखी (धागाकर्ती)

उत्तराताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. धीर द्यायला हवा होता, खरंय. पण मला खात्री नाही ते "पोचलं" म्हणून सांगणं मला आजही जमणार नाही.

काल रात्री पूर्ण तिरोकुड्ड सुत्त काढलं. आम्ही विधीला चार ओळी म्हणतो, त्याच्या पुढे हे आहे: "अदासि मे अकासि मे, ञातिमित्ता सखा च मे." त्याने मला दिलं, माझ्यासाठी केलं, तो माझा नातलग, मित्र, सखा होता, पूर्वी केलेलं आठवून दान द्यावं. हे कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. मी आईला अर्थासकट वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या बाळंतपणात त्यांनी दोन महिने भाकरी थापल्या होत्या," आणि मग तासभर बोलत राहिली.

तेव्हा निळी_पहाट, गाथा वगळायला मी तयार नाही. पुढच्या रविवारी काकांच्या घरी पुण्यानुमोदन आहे, तिथे पूर्ण सुत्त आणि मराठी अर्थ छापून वाटतेय. पाली_वाचक दादा, एका शब्दावर अडलेय. 'पेतानं'ला 'प्रेतांना' लिहिलं तर लोकांच्या डोळ्यांपुढे मढं येईल. काय लिहू?

पाली_वाचक

'पेत' म्हणजे पुढे निघून गेलेला. 'गेलेल्यांना' लिहा.

निळी_पहाट

त्या कागदावर खाली २२ प्रतिज्ञाही छापा. मग दोन प्रती मला पाठवा.