अंदमानात स्कुबा-स्नॉर्केलिंग: विहिरीत पोहणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – कपाशीकाठ (आर्वी)
शेवटची वेचणी उरकली की फेब्रुवारीत आम्ही चौघं सहा दिवसांसाठी अंदमानला निघतोय. तिघं विहिरीत पोहणारे, एकाला पोहता येत नाही. एकाला मायनस ३ चा चष्मा आहे. स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं) आणि स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासनळी लावून वरच पालथं तरंगत खाली पाहणं) दोन्ही करायचंय. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, इथे कोणत्या जागा धराव्या? न पोहणाऱ्याला पाण्याखाली नेतात का? दिवस कसे लावावे?

निळाई
फेब्रुवारी चांगला, समुद्र शांत असतो. न पोहणाऱ्यालाही ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या स्कुबा डुबकीला, नेतात. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, मर्यादा 12 मीटर. त्यासाठी निमो रीफ उत्तम, कारण किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येतं आणि खोली हळूहळू वाढते. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून हट्ट धरू नका भाऊ. त्या खोल जागा आहेत. ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स, त्याच्या सर्टिफिकेटवर 18 मीटरपर्यंतच जाता येतं, त्याखाली अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स लागतो.

स्नॉर्केलिंगला एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने जा किंवा जंगलातून पायी. शहीद द्वीप म्हणजे नील, तिथल्या भरतपूरला ओहोटीत जाऊ नका. पाणी इतकं उतरतं की पाय थेट प्रवाळावर पडतो. प्रवाळ मोडतं आणि तळवाही फाटतो. भरती चढत असताना उतरा. न पोहणाऱ्याने लाइफ जॅकेट काढायचं नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चौघांनीही घाला, पालथं तरंगताना पाठ भाजून निघते.

दहा_मीटर
तिघा पोहणाऱ्यांनी विहिरीतली एक सवय घरीच ठेवून जावी: गाल फुगवून दम धरणं. विहिरीत ते चालतं, कारण हवा वरूनच भरून नेलेली असते. टाकीची हवा मात्र तिथल्या दाबाने मिळते. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू हवा, वर येताना तर नक्कीच.

दुसरं कान. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, दर मीटरला, आणि दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावून उपयोग नाही. कानाच्या नळीचं तोंड दाबाने मिटलेलं असतं. मीटरभर वर या, मग पुन्हा फुंका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करायचं औषध घेऊन उतरू नका. खाली त्याचा असर संपला, तर वर येताना हवा आत कोंडते.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हवा ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीतून पाणी झिरपतं, म्हणून नाकाखालची वरची कड तेवढी कातरा. मास्क नवा असेल तर काचेला आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळून धुवा, दोन-तीनदा. कारखान्यातला थर गेला नाही तर वाफ धरतेच. मायनस ३ ला नंबरचा मास्क मिळतो, पण आधी विचारून ठेवा. पाण्यात वस्तू मोठी दिसते, त्यामुळे थोडा कमी नंबरही चालतो.

झाडीपट्टी
आपल्या विदर्भासाठी दोन गोष्टी. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्याने स्कुबा करू नये. वाहक असाल तर डॉक्टरांना विचारूनच. ज्याची तपासणी झालेली नाही, त्याने जाण्याआधी करून घ्या. दुसरी, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). खर्र्याने तोंड आखडलेलं असेल तर रेग्युलेटरचा, म्हणजे टाकीतली हवा तोंडाला देणाऱ्या उपकरणाचा, माउथपीस दातांत नीट धरता येत नाही, कडेने पाणी शिरतं. घरीच पाहा, आडवी तीन बोटं एकावर एक तोंडात जातात का. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर मेडिकल फॉर्म आधीच मागवून गावातूनच डॉक्टरची सही घेऊन जा.

कपाशीकाठ
तिघं डाइव्ह पाचव्या दिवशी ठेवा म्हणतात. सहाव्याला सकाळी विमान आहे. आणि जॉली बॉय बेट बसवता येईल का?

निळाई
पाचव्याला नको. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर 18. शरीरात विरघळलेला नायट्रोजन तेवढ्यात बाहेर पडतो, नाहीतर विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे धरतात. स्नॉर्केलिंगला ही अट नाही. म्हणून पहिला दिवस उतरून बोटीने स्वराज द्वीप, दुसरा एलिफंट बीच (मास्क आणि श्वासाची सवय इथेच होते), तिसरा ट्राय डाइव्ह, चौथा भरतपूर, पाचवा परत श्री विजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअर.

जॉली बॉय वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. बोटी सकाळी सुटतात, सोमवारी बंद, प्लास्टिक नेता येत नाही. नीलहून परतायच्या दिवशी ते जमत नाही, सातवा दिवस मिळाला तरच ठेवा.