गराद, कटांजन, बीड : जुन्या घरांवरच्या लोखंडाला काय म्हणायचं?

पणजीहून

गेल्या रविवारी पुण्याची मावसबहीण मुलांना घेऊन आली होती. त्यांच्याबरोबर फोंताइन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीतून फिरत होते. सां सेबास्तियांवच्या कपेलाजवळ धाकटा थांबला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हे काय आहे?" पिवळ्या भिंतीचं घर, वरच्या मजल्याला चिंचोळा सज्जा आणि त्याला काळा लोखंडी कठडा. उभ्या सळ्या, दोन सळ्यांच्या मध्ये पाठीला पाठ लावून बसलेली दोन वळणं, वळण संपतं तिथं टोक चेपून केलेलं पान. खालच्या कडा पावसानं तांबूस झालेल्या. मी म्हटलं, "रेलिंग." पुढच्या घराची खिडकी आली तेव्हा म्हटलं, "ग्रिल." फाटकाशी आलो तर "गेट." रात्री झोपताना ते आठवलं आणि फार वाईट वाटलं. मी पणजीच्या मळा भागात जन्मले, ही घरं बघत वाढले, आणि मुलाला सांगायला माझ्याकडे तीनच शब्द निघाले. तेही असे, की काल दुकानातून आणलेल्या पाइपच्या चौकटीलाही तेच लागू पडावेत.

म्हणून इथं विचारते. माझी आजी 'गराद' म्हणायची. "गरादांतून डोकं बाहेर काढू नकोस" हे मी लहानपणी रोज ऐकलं. शाळेच्या पुस्तकात मात्र 'गज' होता. गराद मराठी की कोंकणी? कठडा, जाळी, गज, गराद यांत नेमका फरक काय? आणि या सगळ्या नक्षीच्या लोखंडकामाला मिळून एखादं नाव आहे का?

फोंड्याहून

बाय, आजीचा शब्द पक्का आहे. तो मराठीतही आहे आणि कोंकणीतही, आणि दोन्हीकडे आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत 'ग्रादि' म्हणजे अख्खी जाळीची चौकट. आपण शब्द घेतला आणि चौकटीतल्या एकेका दांड्याला लावला. आजी 'गरादांतून' असं अनेकवचनी बोलायची त्याचं कारण हेच. बंगालीतही खिडकीच्या दांड्यांना गरादच म्हणतात. पोर्तुगीज गलबतांबरोबर हा शब्द असा ठिकठिकाणी उतरला.

आता याची गंमत पाहा. पोर्तुगीज 'ग्रादि' आला लॅटिन 'क्रातिस'वरून. क्रातिस म्हणजे वेताची किंवा फाट्यांची विणलेली ताटी, आपला कूड असतो तशी. त्याच क्रातिसच्या लघुत्वदर्शक रूपावरून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत 'ग्रिल' आला. म्हणजे तुम्ही ज्या शब्दाबद्दल हळहळता तो ग्रिल आणि आजीचा गराद हे एकाच घरातले, फक्त वेगळ्या बंदरांवरून आलेले. आणि आपली 'जाळी'? ती तर कोळ्याच्या जाळ्याची. लोखंड आलं, पण त्याला नावं विणकामातलीच मिळाली, तिकडेही आणि इकडेही. नक्षीचा कठडा नीट पाहिला की हे पटतं. एक पट्टी दुसरीच्या पुढून जाते, तिसरी मागून.

दाराखिडक्यांच्या सामानात असे शब्द बरेच आहेत. चावी पोर्तुगीज 'शावि'वरून, बिजागरी 'बिसाग्रा'वरून. तुरुंग हा 'त्रोंको'वरून, आणि त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, तसाच कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. मराठीतही खोड आणि खोडा असेच शेजारी बसतात, तेव्हा शब्द आपल्याला परका वाटला नसावा. कडी, कोयंडा, अडसर मात्र आपलेच राहिले. बार्देशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद (जन्म १८५५) यांनी पोर्तुगीज शब्द आशियातल्या कुठल्या कुठल्या भाषांत गेले याचा माग काढून १९१३ साली तो छापला. आपल्या गोमंतकीय माणसानं केलेलं हे काम, शब्दांची आवड असलेल्या प्रत्येकानं एकदा तरी चाळावं.

तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं थोडक्यात: गज म्हणजे एकटी सळी. मापाचा गज आणि खिडकीचा गज हा मूळचा एकच फारसी शब्द. जाळी म्हणजे आडवंउभं किंवा तिरपं गुंफलेलं, ज्यातून वारा येतो पण मांजर येत नाही. कठडा म्हणजे पडू नये म्हणून कंबरेपर्यंत घातलेला आडोसा. त्यात 'काठ' म्हणजे लाकूड आहे, कारण पूर्वी तो लाकडाचाच असे. आणि एक सुंदर शब्द आपण टाकून दिला आहे: कटांजन. वाड्याच्या सज्ज्याला किंवा माजघरापुढच्या सोप्याला जी दांड्यादांड्यांची चौकट असते ती कटांजन. तुमच्या फोंताइन्यासच्या सज्ज्यांना मी बेधडक 'लोखंडी कटांजन' म्हणेन.

म्हापशाहून

सर, माहिती फार आवडली, पण कटांजनाबद्दल माझं मत वेगळं आहे. हा शब्द माझ्या आईनं उच्चारलेला मी ऐकला नाही, आजीनंही नाही. जो शब्द कुणाच्या तोंडात नाही तो घरावर चिकटवला तर संग्रहालयातल्या पाटीसारखा दिसेल. कठडा सगळ्यांना कळतो, तोच राहू द्या.

एक विनंती मात्र आहे. बाल्कांवला बाल्कनी म्हणू नका. आपल्याकडचा बाल्कांव म्हणजे दारापुढचा, पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे बांधीव कट्टे, असलेला ओटा. तिथं संध्याकाळी माणसं बसतात, रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलतात. वरच्या मजल्याचा तो सज्जा. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि वाचणारा भलत्याच जागी मान वर करून बघत राहतो.

फोंड्याहून

बाल्कांवचं शंभर टक्के मान्य. कटांजनासाठी मी भांडणार नाही. पण शब्द तोंडात नसतो तो कुणी तोंडात घातल्याशिवाय येतही नाही. मी माझ्या नातीला शिकवला आहे. ती म्हणते.

डिचोलीहून

मी लोहाराचा मुलगा. आता स्वतः भट्टी लावत नाही, पण बाबांची ऐरण अंगणात आहे. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. शब्द शोधताय ते कठडा कुठं आहे यावरून. कारागीर आधी विचारेल तो कसा केलाय: घडीव की ओतीव? ओतीव म्हणजे बीड. घरातला बिडाचा तवा असतो ना, तेच. बीड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. घडीव म्हणजे तापवून, ऐरणीवर घेऊन, हातोड्यानं वळवलेलं.

ताई, तुम्ही सांगितलेला तो पहिला कठडा, पाठीला पाठ लावलेल्या वळणांचा आणि टोक चेपून पान केलेला, तो वर्णनावरून घडीव वाटतो. खात्री करायची तर दोन वळणं जिथं एकमेकांना टेकतात तिथं बघा. जुन्या कामात तिथं पट्टीचं कडं असतं. तापवून लाल केलेली पट्टी दोन्ही सळ्यांभोवती गुंडाळून, हातोड्यानं मिटवायची. थंड होताना ती आवळते आणि आयुष्यभर सोडत नाही. वेल्डिंगचा टाका असेल तर काम अलीकडचं किंवा दुरुस्तीचं. दुसरी खूण: घडीव कामात कुठलीही दोन वळणं अगदी सारखी नसतात. मोजून बघा, हाताचा फरक सापडतो. बिडाच्या कामात उलट. एकच फूल पन्नास वेळा, केसाचाही फरक नाही, आणि कडेनं एक बारीक उभी रेघ दिसते, साच्याचे दोन अर्धे जुळले त्याची. काही बिडाच्या खांबांच्या बुडाशी ओतणाऱ्या कारखान्याचं नावही असतं. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या सरॅसन फाउंड्रीसारखे कारखाने नमुन्यांची पुस्तकं छापून जगभर असे कठडे, खांब आणि कारंजी विकत होते. म्हणून बिडाची नक्षी बंदरांच्या गावांत सारखी सारखी दिसते, घडीव नक्षी मात्र त्या त्या भट्टीची.

आमच्या तालुक्यात डोंगर खणून लोखंडाचं खनिज बोटींतून बाहेर गेलं. घर बांधायचा चिरा, म्हणजे जांभा दगड, लाल आहे तोही लोखंडामुळंच. इतकं लोखंड असलेल्या प्रदेशात त्याच्या कामाचे शब्द विसरले जावेत, याचं मला खरोखर दुःख होतं.

पणजीहून

दादा, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. आता एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या शब्दांमुळे मला आज उलगडली.

मळ्यातल्या आमच्या घराच्या सज्ज्याचा एक दांडा तीन वर्षांपूर्वी नारळाची झावळ पडून मोडला. मी कारागिराला फोनवर सांगितलं, "लोखंडी रेलिंग तुटलंय, वेल्डिंग करायचंय." तो आला, त्यानं नेहमीचा रॉड लावला, टाका चांगला दिसत होता. तो सामान आवरत होता आणि मी चहा ओतत होते, तेवढ्यात वरून 'टिक्' असा आवाज आला. टाक्याच्या बाजूलाच बारीक भेग. त्यानं पुन्हा टाका मारला, भेग पुढं सरकली. तिसऱ्यांदा मारल्यावर फुलाची एक पाकळीच गळून खाली पडली. बिचारा खजील झाला. मी त्याला दोष दिला, त्यानं लोखंडाला दिला. शेवटी तिथं पाइपचा तुकडा बसवला, तो अजून तसाच आहे. गळलेली पाकळी मी देवघराच्या खणात ठेवली. तिचा तुटलेला भाग करडा आणि दाणेदार आहे, रव्यासारखा.

हे बीडच ना?

डिचोलीहून

करडं आणि दाणेदार म्हणजे बीडच. घडीव लोखंड मोडलं तर आतून तंतू दिसतात, ओला बांबू मोडल्यासारखे. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, घडीव लोखंडात नावापुरता. म्हणून बीड कडक पण ठिसूळ. त्याला एकाच जागी एकदम ताप दिला आणि ते झटकन निवलं, तर टाक्याजवळचा भाग आकसतो, बाजूचा आकसत नाही, आणि मधे फाटतं. तुम्ही ऐकलात तो 'टिक्' त्याचाच. बिडाला आधी सगळा भाग हळूहळू तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, थोडा थोडा टाका घालायचा आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश निवू द्यायचं. तेवढी सोय नसेल तर वेल्डिंग नकोच. मागून पट्टी लावून बोल्टनं धरा.

कारागिराचा दोष नाही, ताई. तुम्ही "बिडाचा कठडा मोडलाय" म्हणाला असता, तर त्यानं रॉड बदलला असता, नाहीतर "हे माझं काम नव्हे" म्हणून परत गेला असता.

आणखी एक बघा. दांडा खाली चिऱ्यात जिथं शिरतो तिथं करडं मऊ काही दिसतंय का? जुने लोक खोबणीत शिसं ओतून दांडा बसवायचे. शिसं पाणी आत जाऊ देत नाही. आता सगळे तिथं सिमेंट भरतात, सिमेंटला चीर जाते, पावसाचं पाणी आत मुरतं, लोखंड गंजून फुगतं आणि चिरा उकलतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर खाडीचा खारा वारा. शिसं असेल तर कृपा करून ते कुणाला काढू देऊ नका.

म्हापशाहून

हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलते. कठडा की कटांजन यानं कुणाचं काही बिघडत नाही. बीड की घडीव यानं बिघडतं. आमच्या घराच्या फाटकावर वरती लोखंडात वळवलेली पणजोबांची आद्याक्षरं आहेत. आत्ता टॉर्च घेऊन जाऊन पाहिलं. अक्षर जिथं कमानीला टेकतं तिथं कडं आहे. पंचावन्न वर्षं मी ते फाटक उघडते आहे, आज पहिल्यांदा ते कडं दिसलं.

फोंड्याहून

मूळ प्रश्नातला एक भाग राहिला, एकूण नक्षीकामाला नाव काय. 'लोहशिल्प' म्हणणारे आहेत, पण शिल्प म्हटलं की पुतळा डोळ्यांपुढं येतो. मी 'घडीव जाळीकाम' आणि 'बिडाचं जाळीकाम' असे दोन शब्द सुचवतो. दोन्हीत कारागिरी सांगितली जाते आणि कुणालाही समजावून द्यावी लागत नाही.

पणजीहून

सर, दोन्ही आवडले. मला त्यात एक भर घालायची आहे. त्या गोल वळणांना सगळे 'डिझाइन' म्हणतात. मला ती हुबेहूब वेलांटीसारखी दिसतात: सळी वर चढते, वळते आणि खाली येताना आत गुंडाळते. यापुढं मी त्यांना वेलांटीच म्हणणार. पाठीला पाठ लावलेल्या दोन असतील तर जोडवेलांटी.

आज सकाळी सज्ज्यावर जाऊन बसले. पणजी १८४३ साली राजधानी झाली, आणि मग एकेक आळी अशी रस्त्याला लागून, सज्जे पुढं काढून उभी राहत गेली. आमचं घर किती साली बांधलं हे कागदावर नाही, पण आज दांड्याच्या कडेची ती साच्याची रेघ बोटाला लागली. लहानपणी मी ती नखानं खरवडायची, रंगाचा ओघळ समजून. बुडाशी शिसं आहे, सातांपैकी पाच दांड्यांना. उरलेल्या दोघांपाशी सिमेंट आणि चिऱ्याला चीर.

दुपारी पुण्याला फोन करून धाकट्याला सांगितलं, की आपल्या घराचा कठडा बिडाचा आहे.

तो म्हणाला, "आईचा डोशाचा तवा आहे, ते बीड?"

"तेच," म्हटलं.

पलीकडं थोडा वेळ आवाज नाही, मग भांडी वाजली. तो तवा खाली काढून बघत होता. म्हणाला, "मावशी, याच्या कडेलापण रेघ आहे."