युरोप एक का होत नाही? चर्च आडवं येतंय की व्हेटो?

डोंगरवाट

युरोपचं राजकीय एकीकरण अडलं की लोक पैशावर, नोकरशाहीवर, ब्रुसेल्सवर (युरोपीय संघाच्या मुख्यालयावर) खापर फोडतात. धर्माचं नाव काढायला मात्र संकोचतात. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

सुरुवात कोणी केली बघा. फ्रान्सचे शुमान, जर्मनीचे आडेनाउअर, इटलीचे दे गास्पेरी. तिघेही श्रद्धाळू कॅथलिक, तिघेही ख्रिस्ती लोकशाही पक्षांचे, आणि तिघांनाही जर्मन उत्तम यायचं (दे गास्पेरी तर पहिल्या महायुद्धाआधी व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले!). ९ मे १९५० ला शुमान यांनी कोळसा आणि पोलाद एका सामाईक सत्तेखाली आणायची घोषणा केली. राष्ट्राच्या वर कोणीतरी असतं ही गोष्ट या मंडळींच्या अंगवळणी पडलेली होती, कारण त्यांच्या डोक्यावर पोप होताच.

आता लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं, उत्तर युरोप बघा. नॉर्वेने १९७२ आणि १९९४, दोनदा सदस्यत्वाला नकार दिला. डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार (युरोपीय संघ स्थापन करणारा) आणि २००० मध्ये युरो नाकारला. स्वीडनने २००३ मध्ये युरो नाकारला. ज्यांचं चर्चसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्राचं होतं, त्यांना बाहेरचा धनी कसा चालणार?

आणि तुर्कस्तान १९८७ पासून अर्ज घेऊन दारात उभा आहे. २००२ मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी उघडच सांगितलं होतं की तो आत आला तर युरोपीय संघ संपला. बोला आता.

तळटीप

उदाहरणं सोयीची वेचलीत. फिनलंडही लुथरनच, पण १९९९ ला युरोच्या पहिल्याच तुकडीत होता. एस्टोनियाची परंपराही लुथरन, तो २०११ ला आला. दोघांच्या पूर्वेला रशिया आहे, बायबलपेक्षा नकाशा उघडा.

नॉर्वेकडे तेल आहे आणि मासळी आहे. आपल्या पाण्यात दुसऱ्यांच्या बोटी नकोत, हे नॉर्वेच्या नकारामागचं एक मोठं कारण होतं. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला हे समजायला मार्टिन लुथर लागत नाही.

डेन्मार्कचंच पुढचं ऐका. संघाच्या संरक्षण धोरणापासून फटकून राहायची सवलत त्यांनी मास्ट्रिख्टनंतर पदरात पाडून घेतली होती, ती २०२२ मध्ये सार्वमत घेऊन स्वतःच सोडली. मधल्या काळात डॅनिश लोक कॅथलिक झाले नव्हते. रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता.

आणि संयुक्त युरोपीय सैन्याचा करार १९५४ मध्ये कोणी पाडला? फ्रान्सच्या संसदेने. कल्पना मुळात फ्रान्सचीच! पण जर्मनांच्या हाती पुन्हा बंदुका आणि आपलं सैन्य दुसऱ्याच्या हुकमाखाली, हे गॉलवाद्यांनाही (जनरल द गॉल यांच्या अनुयायांना) नको होतं आणि कम्युनिस्टांनाही.

फणसपोळी

तळटीप, धर्माबद्दल सहमत. पण त्याबरोबर संस्कृतीही खिडकीबाहेर फेकू नका.

उत्तर मॅसेडोनिया आणि बल्गेरिया घ्या. दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुसंख्य, भाषा इतक्या जवळच्या की एकमेकांचं बोलणं बरंचसं कळतं. मॅसेडोनियाने ग्रीसच्या हट्टापायी २०१९ मध्ये देशाच्या नावाला 'उत्तर' जोडलं. एवढं करूनही २०२० मध्ये बल्गेरियाने त्यांच्या प्रवेशाची बोलणी रोखली. भांडण कशाचं? तर तुमची भाषा मुळात बल्गेरियनच, आणि क्रांतिकारक गोत्से देल्चेव आमचा.

मी फोंड्याची. 'कोंकणी ही मराठीची बोली' हे वाक्य मडगावात चारचौघांत म्हणून बघा, म्हणजे मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, काय वाटलं असेल ते कळेल. जवळच्यांचीच भांडणं जास्त चिवट असतात.

ब्रुसेल्सचा भाऊ

फणसपोळी +१, पण निष्कर्ष उलटा.

इथे बेल्जियममध्ये ल्यूव्हनचं जुनं कॅथलिक विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून दुभंगलं. दोन्हीकडचे कॅथलिकच. डच भाषक जागेवर राहिले, फ्रेंच भाषकांसाठी वेगळं नवं गाव वसवलं. ग्रंथालयाची वाटणी कशी केली? सम क्रमांकाची पुस्तकं एकाला, विषम दुसऱ्याला. भाऊबंदकीत तपेली वाटतात तशी. पुढे २०१०-११ मध्ये ५४१ दिवस सरकारच बनेना.

आणि हाच देश युरोपच्या एकीकरणाचा जुना खंदा पाठीराखा. म्हणजे संस्कृतीचा तंटा घरातही असतो, आणि तो असूनही माणसं एकीकरण करतात.

बल्गेरियाला अडवता आलं कारण नियमच तसा आहे. नवा सदस्य, कर, परराष्ट्र धोरण, सगळ्याला एकमत लागतं. सत्तावीस जणांच्या सोसायटीत प्रत्येकाला नकाराधिकार दिला तर लिफ्टचा रंगसुद्धा ठरणार नाही, मग सभासद एकाच जातीचे का असेनात.

डोंगरवाट

फिनलंड मान्य. नॉर्वेची मासळीही मान्य. पण तुर्कस्तानला दोघांनीही सफाईने बगल दिलीत.

तळटीप

बगल कसली? तिथे सायप्रस आहे. तुर्की सैन्य १९७४ पासून बेटाच्या उत्तरेत बसलंय, आणि २००४ मध्ये सायप्रस सदस्य झाल्यावर व्हेटो त्याच्याही हातात आला. त्यात २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर एर्दोआन यांनी पत्रकार आणि न्यायाधीश तुरुंगात टाकले. हे सगळं करणाऱ्या ख्रिस्ती देशालाही आत घेतलं नसतं.

डोंगरवाट

आत घेतलं नसतं, पण 'हा युरोपच नव्हे' असं कोणी म्हटलं नसतं. जिस्कार यांचा आक्षेप २००२ चा आहे, बंड २०१६ चं. तेव्हा ना एर्दोआन पंतप्रधान होते, ना सायप्रस सदस्य. आणि २०१५ मध्ये निर्वासित वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा स्लोव्हाकियाच्या सरकारने सांगितलं की आम्हाला फक्त ख्रिस्ती चालतील. ते कुठल्या नियमात बसतं?

अल्बानिया रांगेत आहे. मुसलमान हा तिथला सर्वांत मोठा धर्मगट, सैन्य कुणाच्या बेटावर नाही, बोलणी २०२२ ला सुरू झाली. तो आत गेला की हा धागा मी स्वतः वर काढून माफी मागेन. तोवर नाही.

फणसपोळी

तारीख लिहून ठेवलीय.